विनवणी, अर्ज आणि दाद

(जूचंद्र येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या अभ्यासवर्गासाठी मी जो विषय निवडला आहे तो एका शब्दाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘दाद’. कार्यकर्त्यांच्या वर्गात शब्दाचा कीस काढण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर सरळ आहे. कार्यकर्त्याच्या आयुष्यातले निम्मे काम दुसऱ्यासाठी अर्ज लिहिण्याचे असते. शिधापत्रिका, सातबाऱ्यावरील नोंद, नळाचे पाणी, निराधाराचे अनुदान, भूसंपादनाचा मोबदला, घरपट्टीची हरकत, ह्या सर्व ठिकाणी सामान्य माणूस प्रथम एका कागदाच्या रूपाने सत्तेपुढे उभा राहतो. तो तेथे ताठ उभा राहतो की हात जोडून, हे पुष्कळ अंशी त्या कागदावरील शब्दांवर अवलंबून असते. आणि ते शब्द आपण लिहीत असतो.

अशा प्रसंगी वापरावयाच्या शब्दांची मराठीत वाण नाही. त्यांचे मूळ पाहिले तर प्रत्येकामागे माणसाची एक निराळी मुद्रा दिसते. ‘अर्ज’ हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ पुढे मांडणे, सादर करणे. ‘कैफियत’ म्हणजे हकीकत, स्थिती कशी आहे त्याचे कथन. दिवाणी दाव्यात प्रतिवादी जी बाजू मांडतो तिला आपण आजही लेखी कैफियत म्हणतो. ‘फिर्याद’ हा फारसी शब्द मुळात मदतीसाठी मारलेल्या हाकेचा वाचक. ‘तक्रार’ ह्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ तर पुनरुक्ती असा आहे. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागणे म्हणजे तक्रार! तहसील कचेरीचे उंबरठे झिजवणाऱ्या माणसाला हा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. ‘निवेदन’ म्हणजे जाणीव करून देणे. आणि आज न्यायालयात सर्वांत प्रतिष्ठित मानला जाणारा शब्द ‘याचिका’. तो मात्र थेट याचनेपासून आला आहे. ज्या धातूपासून याचक हा शब्द झाला त्याच धातूपासून घटनेने दिलेला हक्क मागण्याच्या कागदाचे नाव सिद्ध व्हावे, ही भाषेची एक विलक्षण थट्टाच म्हटली पाहिजे.

ह्या सर्वांहून ‘दाद’ वेगळी आहे. फारसीत दाद म्हणजे न्याय. इराणच्या प्राचीन शिलालेखांत ‘दात’ हा शब्द कायदा ह्या अर्थाने येतो, आणि तो ज्या मुळापासून आला त्याचेच संस्कृत रूप ‘धा’, म्हणजे ठेवणे, घालून देणे, हा धातू होय. आपला ‘विधी’ हा शब्द, आणि म्हणून विधिमंडळही, त्याच धातूचे अपत्य. दाद आणि विधी ह्या दोन देशांत वाढलेल्या सख्ख्या बहिणी आहेत. तेव्हा जो दाद मागतो तो कोणाची मेहेरबानी मागत नाही. जे घालून दिलेले आहे, ठरलेले आहे, ते आपल्या बाबतीत अमलात यावे एवढेच तो मागतो.

लोकभाषेने हा अर्थ नेमका पकडून ठेवला आहे. दाद मागावी लागते, दाद लागते, कधी कोणी दाद लागू देत नाही, आणि जेथे अंधेर नगरी आहे तेथे ‘दाद ना फिर्याद’ असे आपण म्हणतो. गायकालाही आपण दाद देतो. ह्या जूचंद्र गावाचे नाव तर येथील रांगोळी कलावंतांमुळे महाराष्ट्रभर झाले आहे. चित्रासारखी जिवंत रांगोळी पाहून रसिकाच्या तोंडून जी दाद जाते ती कलावंताला घातलेली भीक असते काय? नाही. कलावंताने बोटांच्या श्रमाने जे मिळवले आहे त्याची ती पोचपावती असते. न्यायालयातली दाद आणि मैफलीतली दाद ह्यांत म्हणूनच मूलतः विरोध नाही. दोन्हीकडे अर्थ एकच : ज्याचे त्याला देणे.

आता आपल्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास ह्या शब्दांच्या आधारे तपासून पाहू.

इंग्रजी अमलात आपल्या पुढाऱ्यांनी आरंभ केला तो अर्जांपासून. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवला. पुढे जहाल पक्षाने ह्या साऱ्या पद्धतीला भिक्षांदेहीचे राजकारण म्हणून हिणवले, आणि ती टीका पुष्कळ अंशी रास्तही होती. परंतु सगळ्या अर्जांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. १८७० साली पुण्यास सार्वजनिक सभा निघाली तेव्हा गणेश वासुदेव जोशी आदी मंडळींनी एक नियम केला : ज्याला सभासद व्हावयाचे त्याने निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. अर्जाच्या भाषेत नम्रता होती, पण अर्जदाराच्या हाती मुखत्यारपत्र होते. याचकाजवळ मुखत्यारपत्र नसते; ते प्रतिनिधीजवळ असते. अर्जाला दादेचे स्वरूप येण्याची ही पहिली पायरी होय.

पण त्याच काळात खेड्यातल्या शेतकऱ्याची स्थिती काय होती? १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जखते ताब्यात घेतली, त्यांची होळी केली, आणि हा वणवा पुढे नगर जिल्ह्यापर्यंत पसरला. ह्या दंग्यांच्या चौकशीत एक गोष्ट पुढे आली : सावकारांना कोर्टातून मिळणारे हुकूमनामे बहुधा एकतर्फी होते. कुणब्याला समन्स वाचता येत नव्हते, वकील परवडत नव्हता, म्हणून तो कोर्टात जातच नव्हता. कायद्याने दार उघडे होते, पण दारापलीकडची भाषा त्याची नव्हती. दाद मागण्याचा मार्ग नुसता असून भागत नाही. तो चालता आला पाहिजे. तो चालता येत नाही तेव्हा माणसे कागदच जाळतात.

महाडच्या चवदार तळ्याचे प्रकरण ह्या दृष्टीने आपण सर्वांनी अभ्यासले पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अस्पृश्यांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले, हे सर्वांना ठाऊक असते. पुढचे फारसे कोणी सांगत नाही. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह व्हावयाचा होता. त्याआधी महाडच्या काही सवर्णांनी दिवाणी कोर्टात दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दाद मागणारे येथे कोण होते, हे नीट ध्यानात घ्या. दाद मागत होते ते सवर्ण! अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याचा आपला जुना वहिवाटीचा हक्क आहे, असा त्यांचा दावा होता. आणि ज्यांना पाणी नाकारले होते ते प्रतिवादी झाले होते. बाबासाहेबांनी त्या वेळी तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब केला, परंतु दावा सोडून दिला नाही. महाडच्या कोर्टात १९३१ साली, ठाण्याच्या कोर्टात अपिलात १९३३ साली, आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात तो दावा फेटाळला गेला. फिर्यादींना अनादि वहिवाट सिद्ध करता आली नाही.

ह्यातून दोन धडे निघतात. पहिला असा की, दाद हा शब्द आपोआप दुर्बळांच्या बाजूचा होत नाही. बलवान मनुष्यही त्याच दारातून आत येतो, आणि बहुधा आपल्या आधी येतो. दुसरा धडा असा की, न्यायालयातली दाद दहा वर्षांनी लागली, पण ती लागेपर्यंत माणसे टिकली ती चळवळीच्या बळावर. चळवळीवाचून दावा पोरका होतो, आणि दाव्यावाचून चळवळीचे फळ पुष्कळदा दुसराच चाखतो.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती मुळातून पालटली. घटनेच्या ३२ व्या कलमाने सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागणे हाच एक मूलभूत हक्क ठरवला. म्हणजे हक्क तर दिलाच, पण हक्क मोडला गेल्यास दार ठोठावण्याचाही हक्क दिला. बाबासाहेबांनी ह्या कलमाला घटनेचा आत्मा मानले ते उगाच नव्हे.

ह्या कलमाचा उपयोग कसा करावा ह्याचा वस्तुपाठ समाजवादी चळवळीतल्याच एका नेत्याने घालून दिला आहे. ६ नोव्हेंबर १९६८ रोजी बिहारमधील लखीसराय स्थानकावर मधु लिमये आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अटक झाली. मधु लिमये तेव्हा लोकसभेचे सदस्य होते. त्याच दिवशी त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या नावे एक पत्र लिहिले. तेच पत्र त्यांची ३२ व्या कलमाखालील याचिका होती. त्यात सुटकेसाठी कळवळा नव्हता, प्रकृतीचे कारण नव्हते, आपल्या पदाचा तोराही नव्हता. मुद्दा एवढाच होता की, आपल्याला अटक केली, पण अटकेचे कारण सांगितले नाही. आणि ते सांगितले पाहिजे असे घटनेचे २२ वे कलम म्हणते. न्यायालयाने त्या पत्राची दखल घेतली. कोठडीचे नंतरचे आदेश दाखवून मूळ दोष झाकता येणार नाही असे ठरवले आणि डिसेंबरात सुटकेचा हुकूम दिला. पुढे १९८० च्या दशकात वेठबिगारांच्या, कैद्यांच्या साध्या पत्रांनाही न्यायालये याचिका मानू लागली आणि ‘जनहित याचिका’ हा शब्द घरोघर पोचला. शब्द याचनेचा राहिला, पण आशय दादेचा झाला.

परंतु ह्याच हक्काची कसोटी लागली तेव्हा काय झाले तेही विसरता येत नाही. आणीबाणीत हजारो कार्यकर्ते स्थानबद्ध होते. त्यांना उच्च न्यायालयाकडे दाद मागता येईल काय, एवढाच प्रश्न होता. अनेक उच्च न्यायालयांनी येईल असे म्हटले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी येणार नाही असे ठरवले. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात उभे राहिले. ह्या निर्णयाचा अर्थ नीट पाहा. तुम्ही निर्दोष नाही असे न्यायालयाने म्हटले नव्हते. तुम्हाला विचारण्याचाच अधिकार नाही असे म्हटले होते. हुकूमशाहीची खरी खूण तुरुंग ही नव्हे, कारण तुरुंग लोकशाहीतही असतात. दाद मागण्याचे दार भिंत बांधून बुजवले जाते, ही तिची खूण होय. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीवित व स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही तहकूब करता येणार नाही अशी तरतूद केली, आणि तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने स्वतः २०१७ साली रद्द ठरवला. एवढी वर्षे लागली!

आता आपल्या पायाखालच्या जमिनीकडे येऊ. वसई तालुक्यात शेती आणि मिठागरे ह्यांच्यावर जगणारी गावे पाहता पाहता शहराच्या पोटात गेली. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. गावे त्यातून वगळावीत म्हणून आंदोलने झाली. २०११ मध्ये राज्य सरकारने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला. तो न्यायालयात गेला आणि वर्षानुवर्षे तेथेच अडकून राहिला. गावे आत असावीत की बाहेर, ह्यावर ह्या वर्गातही दोन मते असतील; आज तो वाद नाही. वर्षानुवर्षे निकाल न लागणारी दाद म्हणजे दोन्ही बाजूंना मिळालेला नकारच होय, एवढे मात्र सर्वांना मान्य व्हावे.

ह्याहूनही जिव्हाळ्याचा प्रश्न जमिनीचा. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारे कूळ त्या दिवशी जमिनीचे मालक मानले गेले. पण त्याच कायद्याच्या ३२-ग कलमात एक अट होती. किंमत ठरवण्याच्या चौकशीला कूळ हजर राहिले नाही, किंवा जमीन विकत घ्यावयाची नाही असे त्याने सांगितले, तर ती खरेदी निष्प्रभावी ठरे. एका गैरहजेरीने, एका जबाबाखालच्या अंगठ्याने, पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन परत जाऊ शकत होती. मालकाचा शब्द मोडवत नाही म्हणून दिलेला तो जबाब कागदावर मात्र ‘राजीखुशीचा’ होतो!

आज कूळ आणि मालक ह्यांची जागा शेतकरी आणि प्रकल्प ह्यांनी घेतली आहे. रस्ते, रेल्वे, मार्गिका ह्यांसाठी संपादन चालते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने प्राथमिक अधिसूचनेपासून साठ दिवसांत हरकत घेण्याचा हक्क दिला आहे. आणि मोबदला घेताना एक गोष्ट जन्मभर ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मोबदला अपुरा वाटत असेल, तर पावतीवर सही करताना तो आपण ‘निषेध नोंदवून’ स्वीकारत आहोत असे लिहिले पाहिजे. आपल्याकडे ‘अंडर प्रोटेस्ट’ म्हणतात ते हेच. तसे न लिहिता रक्कम उचलली, तर ती वाढवून मिळण्यासाठी पुढे दाद मागण्याचा हक्क राहत नाही. १८९४ च्या जुन्या कायद्यातही हीच तरतूद होती. म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ दोन शब्दांवर शेतकऱ्याचे भवितव्य टांगलेले आहे, आणि ते दोन शब्द त्याला सांगणारे गावात कोणी नसते. मित्रहो, ते सांगणारा कोण, ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच कार्यकर्ता.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. कारकुनापुढे जरा गोड बोलले, अर्जात ‘मायबाप’ लिहिले, तर काम लवकर होते. मग ताठपणाचा हट्ट कशाला? मी सौजन्याच्या विरुद्ध नाही. कारकूनही नोकरदार माणूस आहे; त्याच्याशी अरेरावीने बोलणारा कार्यकर्ता चळवळीचे नुकसान करतो. परंतु सौजन्य एक आणि लाचारी दुसरी. ‘गरिबावर कृपा करावी’ असे लिहिले की न देण्याचाही अधिकार आपण समोरच्याला देऊन टाकतो. कारण कृपा ऐच्छिक असते. ‘अमुक कायद्याच्या अमुक कलमाप्रमाणे अमुक मुदतीत मिळणे आवश्यक आहे’ असे लिहिले की नकाराला कारण द्यावे लागते, आणि कारण आले की त्यावर अपील आले. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा तर ह्याही पुढे गेला. माहिती कशासाठी हवी हे विचारण्याचीच त्याने बंदी केली. ज्या अर्जाला कारण सांगावे लागत नाही, तो अर्ज नावापुरताच अर्ज. तो हक्कच होय. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदती घालून दिल्या, त्याही ह्याच वाटेवरच्या. हे कायदे आपोआप झाले नाहीत. मोर्चे, उपोषणे, धरणी ह्यांतून झाले. आपण मात्र ते हाती असताना जुन्या सवयीने ‘कृपावंत होऊन’ लिहीत बसतो.

मग विनवणीला आपल्या राजकारणात स्थानच नाही काय? आहे, आणि फार मोठे आहे. फक्त तिची जागा निराळी आहे. १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे रोजी उपोषण आरंभले. दहा दिवस ते चालले. गुरुजींनी त्यात समाजाच्या हृदयाला हाक घातली. ज्या अंतःकरणात अन्याय रुजलेला असतो तेथे केवळ समन्स पोचत नाही. तेथे कळवळ्याचा शब्दच जावा लागतो. तेव्हा माझ्या मते विवेक असा करावा : सत्तेपुढे दाद मागावी, समाजापुढे विनवणी करावी. आपण नेमके उलटे करतो. साहेबापुढे हात जोडतो आणि शेजाऱ्यावर, वेगळ्या जातीच्या वा धर्माच्या माणसावर हक्काच्या भाषेत डाफरतो. हे उलटे झालेले व्याकरण आपल्याला सुलटे करावयाचे आहे.

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. एक, कोणताही अर्ज लिहिताना प्रथम हकीकत, मग कायद्याचा आधार, आणि अखेरीस नेमकी कोणती दाद हवी ते स्वतंत्र परिच्छेदात लिहा. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ ही दाद नव्हे. ती पळवाट होय. दोन, तारखेची आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कचेरी सोडू नका. तीन, अपिलाची मुदत अर्ज दिल्या दिवशीच वहीत टिपून ठेवा. चार, अर्जदाराला त्याच्याच भाषेत अर्ज वाचून दाखवा. राज्यातील जिल्हा व त्याखालील न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी ठरलेली आहे. तिचा आग्रह धरा. उच्च न्यायालयात कामकाज इंग्रजीत चालते, तेव्हा तेथे सही करण्यापूर्वी मजकूर मराठीत समजावून घेणे हा अर्जदाराचा अधिकार आहे असे माना. पाच, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, कामगार इत्यादींना १९८७ च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. आणि सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : अर्ज एकाचा असला तरी त्याच्याबरोबर दहा जणांनी कचेरीत जा. सार्वजनिक सभेच्या मुखत्यारपत्राचे आजचे रूप तेच आहे.

ह्या वर्गातून आपण उद्या आपापल्या पाड्यावर, चाळीत, गावात परत जाल. तेथे कोणीतरी कोरा कागद पुढे करून म्हणेल, ‘दादा, एक अर्ज लिहून द्या.’ तो लिहून द्याच. पण लिहिण्याआधी त्याला विचारा की, ह्यात तुझे मागणे काय आणि तुझा हक्क कोणता. ह्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याच्या तोंडून आली, की त्या कागदावरचा अर्ज पुसला जाऊन तेथे दाद लिहिली जाईल.